गोरिला ट्रेकिंगचं बजेट: परमिटपासून पोर्टरच्या टिपपर्यंत

गोरिला ट्रेकिंगची चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, परमिट केवढ्याला? परदेशी पर्यटकाला युगांडात ८०० डॉलर आणि रवांडात १,५०० डॉलर पडतात. हे आकडे ऐकले की लगेच ठरतं, रवांडा पैसेवाल्यांचं आणि युगांडा आपलं. वही काढून पूर्ण हिशेब मांडला की मात्र हे गणित तितकं सोपं राहत नाही. परमिटची रक्कम सरकारने ठरवलेली आहे, तिथे घासाघीस नाही. बजेट हलतं ते विमानतळ ते जंगल या रस्त्यावर. तो रस्ता किती तासांचा, वाटेत किती मुक्काम आणि एका गाडीत किती जण, यावर सगळं ठरतं.

या लेखात सगळीकडे डॉलरला ९० रुपये धरले आहेत. तुम्ही वाचाल तेव्हा दर वेगळा असेल, तेव्हा रुपयांपेक्षा डॉलरचे आकडे वहीत उतरवून घ्या. परमिट, व्हिसा वगैरे सरकारी दर सोडले तर बाकीचे आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत. हंगाम आणि तुमची आवडनिवड यांप्रमाणे ते वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होणारच.

एवढे पैसे कशाचे?

डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक विरुंगा ज्वालामुखींची रांग, जी रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवर पसरली आहे. दुसरं युगांडातलं ब्विंडीचं जंगल आणि त्याला लागून असलेला काँगोचा छोटा तुकडा. शेवटच्या मोठ्या गणनांमध्ये विरुंगात ६०४ आणि ब्विंडीच्या बाजूला ४५९, म्हणजे एकूण १,०६३ गोरिला मोजले गेले. प्राणिसंग्रहालयात दिसतात ते सखल प्रदेशातले गोरिला. हे डोंगरी भाऊबंद पिंजऱ्यात कुठेच नाहीत.

माणसांची सवय झालेल्या प्रत्येक कुटुंबाजवळ दिवसातून फक्त आठ पर्यटक जातात, तेही एक तास. अंतर दहा मीटर ठेवायचं, तोंडावर मास्क हवा. सर्दी-खोकला असेल तर तुम्हाला खालीच थांबवलं जातं, कारण आपले श्वसनाचे आजार त्यांना सहज होतात. जागा मोजक्या आहेत म्हणून भाव चढा आहे. त्या पैशांतून राखणदार, माग काढणारे आणि जंगलालगतच्या गावांचा वाटा निघतो. रवांडा उद्यानांच्या उत्पन्नातला १० टक्के भाग आसपासच्या वस्त्यांना देतो. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डोंगरी गोरिलांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' यादीत आणलं. त्यामागे या व्यवस्थेचा मोठा हात आहे.

काँगोचं परमिट सगळ्यांत स्वस्त म्हणून जुन्या लेखांत त्याची भलामण दिसते. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर बंडखोरांच्या ताब्यात गेलं आणि विरुंगा उद्यानाचं प्रवेशद्वार म्हणजे तेच शहर. तो पर्याय वहीत लिहूच नका.

पायरी पहिली: महिना ठरवा

कोरडा हंगाम जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास पाऊस. आता आपल्याकडच्या सुट्ट्या बघा. मे महिन्याची सुट्टी पावसात येते आणि दिवाळीचीही पावसात. वाईट बातमी वाटेल, पण पैशांच्या दृष्टीने ती उलट आहे. या महिन्यांत लॉजचे दर उतरतात, परमिट दोन-तीन महिने आधीही मिळू शकतं आणि एका गटात आठऐवजी पाच-सहाच माणसं असण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्याला चिखलाचं नवल नाही, आणि रेनकोट, बूट, पायपट्ट्या घरातच असतात. ज्यांनी कधी ट्रेक केला नाही त्यांनी मात्र कोरडा हंगामच धरावा. ब्विंडीचे उतार ओले असताना खरोखर दमवतात.

ऑगस्टमध्ये किंवा नाताळच्या सुट्टीत जायचं असेल तर सहा महिने आधी परमिट हातात पाहिजे, त्याहून आधी मिळालं तर उत्तम. रवांडात सप्टेंबरच्या सुमारास गोरिलांच्या पिल्लांच्या बारशाचा 'क्विटा इझिना' सोहळा असतो. त्या दिवसांत रवांडातल्या ट्रेकच्या ठिकाणाजवळच्या मुसांझे-किनिगी भागात खोली मिळणं अवघड जातं.

वयाची अट दोन्ही देशांत १५ वर्षं पूर्ण ही आहे, आणि ती पासपोर्टवर तपासतात. दहावीची परीक्षा दिलेलं मूल साधारण या अटीत बसतं. त्याचं धाकटं भावंड बसत नाही, आणि मग आई-बाबांपैकी एकाला लॉजवर थांबावं लागतं. हे परमिट घेण्याआधी घरात बोलून घ्या.

युगांडात पूर्वी एप्रिल, मे, नोव्हेंबरमध्ये सवलतीची परमिटं असायची, त्याचा उल्लेख जुन्या ब्लॉगांत अजून सापडतो. ती धरून बजेट आखू नका.

पायरी दुसरी: देश निवडा, पण पूर्ण बेरीज करून

युगांडाचा नेहमीचा रस्ता एंटेबे विमानतळावरून सुरू होतो. तिथून ब्विंडी सुमारे पाचशे किलोमीटर, आणि गाडीने नऊ-दहा तास सहज जातात. एका दमात करणारे करतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ट्रेकसाठी उभं राहायचं असेल तर वाटेत एक मुक्काम घ्यावा. म्हणजे एका तासाच्या भेटीसाठी जाऊन-येऊन सहा दिवसांची गाडी आली.

रवांडात किगालीहून किनिगी दोन-अडीच तासांवर, रस्ता गुळगुळीत. संध्याकाळी पोहोचा, सकाळी ट्रेक, त्याच रात्री किगालीत परत येता येतं.

दोघांसाठी माणशी हिशेब मांडू. आधी एंटेबेमार्गे युगांडा, सहा रात्री:

विमान ६०,००० रुपये, परमिट ७२,०००, व्हिसा ४,५००, लस, मलेरियाच्या गोळ्या आणि प्रवास विमा मिळून ५,०००, चालक व इंधनासह फोर बाय फोर गाडी दिवसाला १६० डॉलर, सहा दिवसांचे ९६० डॉलर, दोघांत वाटून माणशी ४३,२००, मुक्काम आणि जेवण रोज ७० डॉलर धरून ३७,८००, पोर्टर आणि टिप ५,४००, सिम, पाणी, किरकोळ ३,६००. बेरीज २,३१,५००.

आता रवांडा, चार रात्री:

विमान ६५,०००, परमिट १,३५,०००, लस-विमा ५,०००, किगाली-मुसांझे जाण्यायेण्याची गाडी २०० डॉलर आणि ट्रेकच्या सकाळची जीप ९० डॉलर, दोघांत वाटून १३,०५०, मुक्काम-जेवण रोज ६० डॉलरने २१,६००, पोर्टर-टिप ४,०५०, किरकोळ ३,६००. बेरीज २,४७,३००.

परमिटमधला फरक ६३,००० रुपयांचा, पण एकूण सहलीतला फरक सोळा हजारांच्याही आत आला. वर रजेचे दोन दिवस वाचले. नोकरदार जोडप्याने रवांडा महाग म्हणून सोडण्याआधी ही बेरीज एकदा स्वतःच्या आकड्यांनी करून बघावी.

चार मित्र असतील तर चित्र बदलतं. युगांडातली गाडी चौघांत वाटली की माणशी २१,६०० वाचतात आणि बेरीज २,०९,९०० वर येते. रवांडात मुळात गाडीचा खर्चच कमी, त्यामुळे तिथे चौघे असून फार वाचत नाही, सहा-साडेसहा हजार. चौघांसाठी युगांडा सरळ तीस हजारांनी स्वस्त पडतं.

तिसरा रस्ता बऱ्याच जणांना सुचत नाही आणि मला तो सगळ्यांत आवडतो. उतरायचं किगालीत, ट्रेक करायचा युगांडात. किगालीहून चानिका सीमेपर्यंत तीनेक तास. सीमा पायी ओलांडायची, पलीकडे युगांडाची ठरवलेली गाडी उभी असते, तिथून किसोरो गाव अगदी जवळ आणि ब्विंडीचा दक्षिण भाग तास-दीड तासावर. दोघांचा माणशी हिशेब असा: विमान ६५,०००, परमिट ७२,०००, युगांडा व्हिसा ४,५००, लस-विमा ५,०००, दोन्ही देशांतल्या गाड्या मिळून ५०० डॉलर, वाटून २२,५००, पाच रात्रींचे मुक्काम ६५ डॉलरने २९,२५०, टिप ५,४००, किरकोळ ३,६००. बेरीज २,०७,२५०. एंटेबेपेक्षा स्वस्त, एक रात्र कमी आणि परमिट ८०० डॉलरचंच. दोन्ही बाजूंच्या गाड्या वेगळ्या ठरवायच्या, कारण एकच गाडी सीमेपलीकडे नेली की विम्याचे आणि कागदांचे पैसे वाढतात. मात्र ही सीमा मधल्या काळात काही वर्षं बंद होती. म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक ऑपरेटरकडून ती चालू असल्याची खात्री करून घ्या.

कोणताही मार्ग घ्या, बेरजेवर दहा टक्के राखीव ठेवा. ती रक्कम सहलीच्या खात्यात असावी, 'लागले तर क्रेडिट कार्ड आहे' या भरवशावर नको.

पायरी तिसरी: परमिट आधी, विमान नंतर

सगळ्या नियोजनातला हा क्रम मोडू नका. स्वस्त तिकिटाची ऑफर दिसली म्हणून आधी विमान काढलं आणि त्या आठवड्यात परमिट संपलेली निघाली, तर तिकीट बदलण्याचे पैसे त्या ऑफरपेक्षा जास्त जातात.

रवांडाचं परमिट त्यांच्या सरकारी पोर्टलवरून थेट घेता येतं. युगांडात बहुतेक परदेशी पर्यटक वन्यजीव प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या टूर ऑपरेटरमार्फत घेतात. ऑपरेटर त्यावर थोडी सेवा फी लावतो, ५० डॉलरपर्यंत असेल तर कुरकुर करू नये. पैसे पाठवण्याआधी ऑपरेटरच्या नोंदणीचा पुरावा मागा. पैसे भरल्यावर तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख आणि जंगलाचा कोणता विभाग हे लिहिलेली परमिटची प्रत मागा. 'परमिट आमच्याकडे आहे, आल्यावर देतो' हे उत्तर चालणार नाही.

परमिट तारखेला बांधलेलं असतं. न गेल्यास पैसे बुडतात असंच धरून चाला. तारीख बदलण्याचे आणि परताव्याचे नियम भरण्याच्या दिवशी लेखी घ्या. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरका. एक तर तो सहा महिने वैध लागतो, आणि दुसरं म्हणजे परमिटवर जुना क्रमांक राहिला की निष्कारण पत्रव्यवहार करावा लागतो.

लवकर घेण्याचा आणखी एक फायदा आहे. मे २०१७ मध्ये रवांडाने ७५० डॉलरचं परमिट एका घोषणेत १,५०० केलं. युगांडाने जुलै २०२४ पासून ७०० चं ८०० केलं. दरवाढ आणि डॉलरचा भाव, दोन्हींची जोखीम परमिट हातात आल्यावर संपते.

कंपाला किंवा नैरोबीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी वेगळी गोष्ट. पूर्व आफ्रिकेचा निवास परवाना असेल तर युगांडात परदेशी रहिवाशाचा दर लागतो, ७०० डॉलर. तुम्हाला भेटायला आलेल्या आई-वडिलांना तो लागू नाही, त्यांचे ८०० च.

एक तास अपुरा वाटणाऱ्यांसाठी ब्विंडीच्या रुशागा भागात चार तासांचा 'हॅबिच्युएशन' अनुभव आहे, १,८०० डॉलरला. माणसांची अजून पुरती सवय न झालेल्या कुटुंबामागे संशोधक-राखणदारांबरोबर फिरायचं असतं. छायाचित्रकाराला तो परवडू शकेल. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या पैशात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन साधी परमिटं घ्यावीत असं माझं मत. दोन कुटुंबं पाहायला मिळतात, आणि एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हातात राहतो.

पायरी चौथी: विभाग बघून लॉज

ब्विंडीचे चार विभाग आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. नकाशावर ते शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मध्ये घनदाट जंगल आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. बुहोमातला लॉज आणि रुशागाचं परमिट अशी जोडी जमली तर ट्रेकच्या दिवशी पहाटे तीनला निघायची वेळ येते. म्हणून परमिटवर विभाग पक्का झाल्याशिवाय लॉजला एक रुपयाही पाठवू नका.

बजेटवाल्यांनी रुशागाकडे आधी बघावं. सवय झालेली कुटुंबं तिथे सर्वाधिक, त्यामुळे परमिट मिळण्याची शक्यता जास्त, आणि किगालीकडून यायला तेच सोयीचं. साध्या लॉजमध्ये तीन वेळच्या जेवणासह माणशी ५० ते १०० डॉलरमध्ये नीट सोय होते. मधल्या दर्जाचे दीडशे-अडीचशेला. वरच्या टोकाला मर्यादा नाही. रवांडातल्या काही लॉजांचं एका रात्रीचं भाडं परमिटच्या रकमेपुढे जातं.

लॉजवर पैसे ओतण्याच्या मी विरोधात आहे. सकाळी सातला बाहेर पडायचं, दुपारी चिखलाने माखून परत यायचं, गरम पाण्याने आंघोळ करून झोपायचं. त्यासाठी गरम पाणी, कोरडा बिछाना आणि ओले बूट वाळवायची सोय या तीन गोष्टी विचारा, बाकीचं दृश्य फुकट आहे. रवांडात मुसांझे गावात राहिलात तर खर्च आणखी उतरतो.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. युगांडात भात, घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, शेंगदाण्याची आमटी, मटोके म्हणजे उकडलेली हिरवी केळी आणि चक्क चपाती सगळीकडे मिळते. चपातीत अंड्याचं ऑम्लेट गुंडाळलेला 'रोलेक्स' हा तिथल्या रस्त्यावरचा नाश्ता, आणि तो अगदी थोडक्या पैशात पोट भरतो. लॉजला आधी कळवलं तर अंडंही टाळतात. थेपले, भडंग, मेतकूट न्यायचं ते हौसेपोटी न्या.

पायरी पाचवी: लस, मग व्हिसा, आणि विमान

लस आधी घ्यायची, व्हिसाचा अर्ज नंतर. युगांडाच्या ई-व्हिसा अर्जासोबत पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शिवाय ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत जे. जे. रुग्णालय, गोव्यात मुरगावचं बंदर आरोग्य कार्यालय ही त्यांतली केंद्रं. वार आणि वेळ ठरलेली असते, फोन करून जा. शुल्क तसं किरकोळ, पण रत्नागिरी किंवा लातूरहून जाणाऱ्याला प्रवासाचा एक दिवस त्यात धरावा लागतो.

फक्त रवांडाला जाणाऱ्यांनीही ही लस घ्यावी. बऱ्याच विमानांचा थांबा इथिओपिया किंवा केनियात असतो. पिवळ्या तापाच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे.

युगांडाचा एकेरी प्रवेशाचा व्हिसा ५० डॉलर. रवांडाने २०२० पासून राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तीस दिवसांच्या व्हिसाचं शुल्क माफ केलं आहे आणि भारत त्यात येतो. निघण्याआधी त्यांच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. केनियाही जोडायचा असेल तर तिन्ही देशांसाठी १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा सोयीचा.

मुंबई-एंटेबे थेट विमान युगांडा एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केलं, आठवड्यातून ठरावीक दिवशीच. आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे रोजचे पर्याय आहेत. परतीसह ५० ते ७५ हजारांच्या पट्ट्यात तिकीट बसवता येतं. एक पथ्य पाळा. परतीचं विमान ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका. ट्रेक कधी दोन तासांत संपतो, कधी संध्याकाळ होते. गोरिला कुठे बसलेत हे त्यांनाच ठाऊक.

मलेरियाच्या गोळ्यांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारा. विम्यात आपत्कालीन स्थलांतर आणि ट्रेकिंग दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. पॉलिसी शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त म्हणून ही कलमं सोडू नका.

पायरी सहावी: गाडी

एकटे किंवा दोघे असाल तर गाडीचा भाग हाच तुमचा खरा शत्रू. त्यावर तीन उपाय. पहिला, ऑपरेटरला सांगा की त्याच तारखांना जाणारे दुसरे दोघे असतील तर गाडी वाटून घ्यायची तयारी आहे. दुसरा, सार्वजनिक बस. किगालीच्या न्याबुगोगो स्थानकावरून मुसांझेची बस किरकोळ भाड्यात नेते. कंपालाहून काबाले-किसोरोच्याही बस आहेत, फक्त दिवसभर किंवा रात्रभर अंग आंबवून घ्यायची तयारी हवी. तिसरा, स्वतः चालवणं. युगांडात आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक आहे, रवांडात उजव्या. आंतरराष्ट्रीय परवाना काढून जाणारे आहेत, पण ब्विंडीच्या घाटातल्या मातीच्या रस्त्यावर पावसात पहिल्यांदा फोर बाय फोर शिकायला जाऊ नका.

बसने गेलात तरी ट्रेकच्या सकाळी जीप लागतेच. उद्यानाच्या कार्यालयात गट ठरले की तिथून चढाईच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकाने आपल्या वाहनाने जायचं असतं, आणि ते वाहन परमिटमध्ये नसतं. रवांडात याचे ८० ते १०० डॉलर होतात. आदल्या संध्याकाळी लॉजवर विचारून इतर पाहुण्यांबरोबर जीप वाटून घ्या.

ब्विंडीजवळ छोट्या विमानानेही जाता येतं, कंपालाचा दिवसभराचा रस्ता वाचतो, पण खर्च काही शे डॉलरनी चढतो आणि सामान १५ किलोच. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तरच या बजेटमध्ये त्याचा विचार करा.

पायरी सातवी: जंगलातले रोख पैसे

पोर्टर घ्या. तुमची पाठपिशवी दहा किलोची असो की दोन, पोर्टर घ्याच. १५ ते २० डॉलरला तो दिवसभर सामान वाहतो आणि निसरड्या उतारावर हात देतो. तो त्याच परिसरातल्या गावचा असतो, आणि जंगल शाबूत राहिलं तर आपल्या घरात पैसा येतो हा हिशेब त्याच्या रोजीवर टिकून आहे. सबंध बजेटमध्ये इतक्या थोड्या रकमेत इतकं काम करणारी दुसरी ओळ मला दिसत नाही. टिप वेगळी द्या, पाच-दहा डॉलर. वाटाड्या आणि पहाटेपासून माग काढणारे ट्रॅकर यांच्यासाठी गटाने मिळून पैसे काढायची पद्धत आहे. माणशी २० ते २५ डॉलर बाजूला ठेवा. सहा दिवस गाडी चालवणाऱ्याला विसरू नका.

चालता न येणाऱ्यांसाठी ब्विंडीत माणसांनी वाहून नेण्याची डोली मिळते. तिथले लोक गमतीने तिला हेलिकॉप्टर म्हणतात. उतारानुसार ३०० डॉलर आणि वर. आजी-आजोबांना न्यायचं असेल तर हे आधी ऑपरेटरला सांगून बजेटमध्ये धरा, ऐनवेळी माणसं जमवणं कठीण.

कपड्यांवर फार खर्च नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि काटेरी वेली धरायला बागकामाचे हातमोजे एवढं पुरतं. पँट मोज्यात खोचा, नाहीतर लाल मुंग्या वर चढतात. दोन-तीन चांगले मास्क घरून न्या. रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, तेव्हा सामान कॅरीबॅगांत बांधून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पायरी आठवी: पैसे कोणत्या रूपात

डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या हव्यात. जुन्या नोटा नाकारतात. युगांडात १०० आणि ५० च्या नोटांना चांगला भाव मिळतो, छोट्या नोटांना कमी. म्हणून बदलून घ्यायला मोठ्या न्या आणि टिपसाठी पाच, दहा, वीसच्या वेगळ्या पाकिटात ठेवा. किसोरो किंवा काबालेनंतर एटीएमच्या भरवशावर राहू नका. सिमसाठी एमटीएन आणि एअरटेल दोन्ही आहेत. एअरटेल म्हणजे आपल्या ओळखीचंच नाव, पण भारतातलं सिम तिथे रोमिंगवरच चालतं, स्थानिक सिम पासपोर्ट दाखवून नवं घ्यावं.

कार्डाने पैसे भरताना आपली बँक परकीय चलनासाठी साधारण साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते. ८०० डॉलरच्या परमिटवर ते तीन हजारांच्या आसपास जातं. मार्कअप नसलेलं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर हा सरळ वाचणारा पैसा. काही ऑपरेटर कार्डासाठी वरून आणखी आकारतात. तेव्हा कार्ड आणि बँकेतून थेट पाठवणं, दोन्हींचा अंतिम आकडा मागून तुलना करा.

मुंबई-पुण्यातल्या एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलंत तर ५ टक्के जीएसटी लागतो आणि टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, वेगळा कापला जातो. टीसीएसचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, बुकिंगच्या दिवशी चालू दर विचारा. कोटेशनमध्ये परमिट धरलं आहे का, ट्रेकच्या सकाळची जीप आहे का, आणि कोणत्या विभागातलं परमिट, हे तीन प्रश्न लेखी विचारा. 'फक्त पावणेदोन लाखांत' अशा जाहिरातीत बहुतेकदा परमिट बाहेर ठेवलेलं असतं.

सहलीला वर्ष असेल तर पहिले चार महिने फक्त परमिटचे पैसे जमवा, माणशी महिना अठरा हजार धरले की युगांडाचं परमिट झालं. मग विमान, शेवटी मुक्काम आणि गाडी, ज्यांचा मोठा हप्ता तसाही निघण्याच्या महिना-दोन महिने आधी द्यायचा असतो.

आणि टीसीएसची पावती जपून ठेवा. ती रक्कम बुडालेली नसते. तुमच्या पॅनवर २६एएस फॉर्ममध्ये दिसते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. एजंटने चुकीच्या पॅनवर भरली असेल तर दुरुस्ती त्यालाच करावी लागते, म्हणून परतल्यावर २६एएस एकदा उघडून बघा.